शाईनं झालं म्हण

“हा हिरवा आहे,” बाई म्हणाल्या आणि प्रिंट त्यांनी टेबलावर परत ठेवला.

त्याला आधी वाटलं, त्या थट्टा करताहेत. समोरच्या कागदावर एक नर्स होती. दवाखान्याच्या लांब बोळात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलेली. पांढरा गणवेश, पांढरी भिंत, पांढऱ्या फरशा आणि इतक्या पांढऱ्यांच्या मधोमध तिचा लहानसा दमलेला चेहरा. बाईंनी तरुणपणी काढलेला फोटो. आता त्यांच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं आणि ते कागदावर उतरवायला त्यांनी त्याला सांगितलं होतं. जुन्या निगेटिव्हवरून कृष्णधवल प्रिंट काढायचा म्हटलं की लोक त्याच्याकडेच येत. बाईंना सगळे बाईच म्हणत, तोही म्हणे. वय झालं होतं, चष्म्याच्या काचा जाड होत्या, जिना चढताना त्या दोनदा थांबल्या होत्या. अशा बाईनं त्याला, ज्याचं सगळं पोट डोळ्यांवर चालतं त्याला, करड्याचा हिरवा झाला म्हणून सांगावं याचं त्याला हसूच आलं. “बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा,” तो म्हणाला. त्या हसल्या नाहीत. प्रिंट घेऊन खिडकीशी गेल्या, मग परत दिव्याखाली आल्या, मग पुन्हा खिडकीशी. “खिडकीत हिरवा, दिव्याखाली गुलाबी. माझी नर्स आजारी पडली रे,” त्या म्हणाल्या. तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि खिडकीच्या उजेडात त्यानं कागद निरखून पाहिला. करडा. दिव्याखाली पाहिला. करडा. पण उत्तर तयार होतं. इतकं तयार, की ते नवशिक्यानंही दिलं असतं. “ड्रायव्हरचा दोष आहे,” तो म्हणाला. “बदलतो.”

आणि ते खोटंही नव्हतं. संगणकातला जो प्रोग्रॅम प्रिंटरला सांगतो की कुठल्या शाईचा थेंब कुठे आणि किती टाकायचा, तो ड्रायव्हर. साध्या ड्रायव्हरला करडा म्हणजे काय ते कळत नाही. त्याला फक्त रंग कळतात. निळा, किरमिजी, पिवळा थोडा थोडा मिसळून तो करड्याचं सोंग आणतो आणि उजेड बदलला की सोंग उघडं पडतं. हे तो लोकांना इतक्या वेळा समजावून सांगत आला होता की बाई खाली उतरून गेल्यावर त्यानं स्वतःलाच एकदा समजावून सांगितलं, अगदी मोठ्यानं. खोलीच्या भिंती करड्या होत्या. रंग पारखायचा तर आजूबाजूला रंग नको, म्हणून त्यानंच त्या तशा रंगवून घेतल्या होत्या. बायको पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, “लोक खोलीला रंग देतात, तू खोलीचा रंग काढून घेतलास.” खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. दिवसभर त्याची कानस आणि चाक किरकिरत असे आणि ती किरकिर जमिनीतून टेबलात, टेबलातून प्रिंटरच्या पोटात जात असे. त्या दिवशी ती किरकिर थांबली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो कितीतरी वेळ नर्सच्या चेहऱ्याकडे बघतोय आणि तिचे डोळे मिटलेले आहेत की किंचित उघडे, हे त्याला सांगता येत नाहीय.

दुसऱ्या दिवसापासून तो शाईच्या मागे लागला. प्रिंटरच्या कंपनीनं दिलेल्या ड्रायव्हरमध्येच कृष्णधवलासाठी एक वेगळी सोय होती. ती निवडली की काळी, राखाडी आणि फिकट राखाडी अशा तीनच शाया मुख्यतः वापरल्या जातात आणि रंग नुसते बोटाला लागल्याइतके. त्यानं त्या सोयीनं नर्सला पुन्हा छापलं. त्याला ती पहिल्यासारखीच दिसली. आधीचा प्रिंट शेजारी ठेवला. दोन्ही सारखे. तेव्हा खरं तर त्याला कळायला हवं होतं. पण माणूस ज्या कामात मुरलेला असतो त्याच कामात लपायलाही त्याला छान जागा सापडतात. आपण एवढा त्रास घेऊन फरक पडत नाही म्हणजे शाईच मुळात हलकी, असं त्यानं ठरवलं आणि रंगांची सगळी काडतुसं काढून प्रिंटरमध्ये नुसता कार्बन भरायचं मनावर घेतलं. कार्बनची शाई म्हणजे काजळीच, दुसरं काही नाही. दाट काजळी, तिच्याहून पातळ, तिच्याहून पातळ, अशी पाण्यासारखी होईपर्यंत. तिला उडून जाणं माहीत नाही. माणसं जातात, कागद पिवळा पडतो, काजळी राहते. या शाया चालवायला कुणा एका हौशी माणसानं लिहिलेला वेगळा ड्रायव्हर होता. त्यात प्रत्येक शाई कुठे सुरू व्हावी, कुठे संपावी, हे आपल्या हातानं ठरवता येई. त्यानं सुईनं काडतुसं भरली. एक थेंब बोटावर पडला तो त्यानं पुसला नाही. प्रिंटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. कितीतरी दिवस तो त्याला मातकट वाटत होता, विटेच्या भुकटीसारखा. दिवा जुना झाला, असं तो म्हणे. टोमॅटोही हल्ली बेचव दिसतात, असं त्यानं एकदा जेवताना म्हटलं होतं आणि बायकोनं “बेचव दिसतात?” म्हणून त्याच्याकडे पाहिलं होतं.

कार्बनचा पहिला प्रिंट तो घरी घेऊन गेला. बायको शाळेत गणित शिकवायची. पेपर तपासत बसली होती. तिनं पेन खाली ठेवलं, कागद हातात घेतला आणि म्हणाली, “अरे वा, छान आहे. जुन्या अल्बमसारखा. चहा सांडून वाळल्यासारखा तपकिरी.” तो सोफ्याच्या कडेवर बसला. कार्बन तपकिरी असतो. जगातल्या प्रत्येक कृष्णधवल छपाई करणाऱ्याला ते माहीत असतं. नुसती काजळी उबदार असते, ती थंड करायला तिच्यात निळ्याचा अंश घालावा लागतो. तो अंश घालायचा की नाही यावर तर माणसं तासन्‌तास वाद घालतात. आणि त्यानं घातला नव्हता, मुद्दाम घातला नव्हता, आधी शुद्ध ऊब कशी दिसते ते बघू म्हणून. मग त्यानं बघितलं होतं आणि त्याला ती दिसलीच नव्हती. “फार तपकिरी आहे?” त्यानं विचारलं. “फार म्हणजे,” ती म्हणाली, “तपकिरी म्हणजे तपकिरी. तुला काय दिसतंय?” तो म्हणाला, “तपकिरीच.” आणि हे म्हणताना त्याला कसलाही प्रयास पडला नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

त्या रविवारी तो बायकोला बरोबर घेऊन कामाच्या खोलीवर गेला. कारण काय, तर कागद कापायला मदत. खरं कारण त्यानं मनातसुद्धा नीट शब्दांत मांडलं नव्हतं. नर्सचा चेहरा प्रत्येक प्रिंटमध्ये मधोमध विरत चालला होता, पुसटसा, धुरकट, आणि त्याचा अर्थ त्यानं लावला होता की प्रिंटरचं एखादं छिद्र तुंबलंय. छिद्रं तपासायचा एक सोपा कागद असतो. प्रत्येक शाईच्या बारीक रेघांची एकेक जाळी छापून येते. रेघ तुटली की छिद्र तुंबलं. त्यानं ती छापली. पहिल्याच जाळीत मधल्या रेघा गायब होत्या. “बघ,” तो जवळजवळ आनंदानं म्हणाला, “तुंबलंय.” त्यानं सफाईचं बटण दाबलं, प्रिंटर गुरगुरला, शाई ओढून थुंकला. पुन्हा कागद. पुन्हा मधल्या रेघा गायब. पुन्हा सफाई. बायको खिडकीत बसून कागदाच्या कडा कापत होती. तिनं त्याच्या हातातला कागद घेतला आणि म्हणाली, “यात काय तुंबलंय? सगळ्या रेघा आहेत की.”

“मधे बघ. दुसरी जाळी.”

“आहेत.”

“अगं, मधल्या.”

“आहेत रे. बोट ठेवून दाखवू?” तिनं बोट ठेवलं. त्यानं तिच्या बोटाकडे पाहिलं आणि तिचं नख नव्हतं. बोट होतं, अंगठी होती, मनगट होतं, पण ज्या टोकाकडे तो बघत होता तिथे फक्त कागदाच्याच रंगाचा एक डाग होता. त्यानं नजर शेजारच्या जाळीवर नेली. तिच्या रेघा तुटल्या आणि आधीच्या जाळीच्या जुळून आल्या. नजर खाली नेली, तुटकी जागा खाली सरकली. वर नेली, वर. तो जिथे बघेल तिथे ती त्याच्या आधी जाऊन बसत होती. त्यानं डावा डोळा झाकला आणि खोली, खिडकी, खिडकीतली बायको, सगळं नुसत्या कडांचं उरलं. तिच्या जागी केस होते आणि केसांच्या आत चेहरा नव्हता. खालून चाकाची किरकिर आली. कुणीतरी किल्ली करून घेत होतं. “काय झालं?” बायकोनं विचारलं. तिच्या आवाजाकडे बघत तो म्हणाला, “कात्री खाली ठेव. हाताला लागेल.”

डोळ्यांची डॉक्टर त्याच्याहून लहान होती. तिनं थेंब घातले, यंत्रांवर हनुवटी टेकवायला लावली, लाल टोपणाचं पेन एका डोळ्यासमोर धरलं, मग दुसऱ्या, आणि कुठे जास्त लाल दिसतं ते विचारलं. लाल कुठेच नव्हतं. ती कागदांवर काहीतरी लिहीत राहिली आणि लिहिता लिहिता, जणू हवापाण्याच्या गप्पा, तिनं विचारलं, “आईच्या बाजूला कुणाला असं झालं होतं?”

“नाही,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मामाचे डोळे गेले होते. पण ते दारूमुळे.”

“तुम्ही पाहिलंत त्यांना पिताना?”

तिनं पेन ठेवलं. “दृष्टीची नस सुकत जाते अशातला हा प्रकार वाटतो,” ती सावकाश म्हणाली. “उजवा बराच गेलाय. डावा असताना तो गेलेला कळत नाही माणसाला. आता डावा सुरू झालाय, म्हणून तुम्हाला कळलं. रक्त तपासू, मग खात्रीनं सांगते. कडेचं दिसत राहतं सहसा. अगदी काळोख होत नाही.” ही सांत्वनाची गोष्ट असावी. “हा आजार आईकडून येतो. मुलगे आणि मुली दोघांत उतरतो. मुलग्यांचे डोळे जास्त जातात, मुलींचे क्वचित, पण पुढे जातो तो मुलींकडून. तुमच्याकडून कुणाला जाणार नाही. तुमच्यापाशी तो थांबला.” शेजारी बसलेल्या बायकोनं त्याचा हात धरला होता, तिची पकड घट्ट झाली. डॉक्टरनं विचारलं, “बहीण आहे तुम्हाला?”

रस्त्यानं परत येताना दुपारचं ऊन थेंब घातलेल्या डोळ्यांत शिरत होतं आणि सगळ्या माणसांना नुसत्या कडा होत्या. त्याला मामा आठवत होता. आठवत होता म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्याच्याकडे आपण होऊन बघत होता. मामा त्यांच्या घरात राहायचा, दाराजवळच्या खुर्चीत. बोलताना तो समोरच्याच्या कानाकडे बघायचा. पोरं त्याला कानामामा म्हणत आणि तो हसून त्यांच्या कानांशीच बोलायचा. घरानं मामाकडे कानाडोळा केला होता आणि मामाचा डोळाच कानावर जाऊन बसला होता. संध्याकाळी तो काठी घेऊन एक चक्कर मारून यायचा. तो दारात आला की बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून उठायचे आणि म्हणायचे, “आ कर.” मामा आ करायचा. लहान मूल डॉक्टरसमोर करतं तसा, मान वर करून, डोळे मिटून. बाबा वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. “आज नाही प्यायला,” ते घराला जाहीर करायचे आणि परत वर्तमानपत्र उचलायचे. हे रोज व्हायचं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी असायची, हातात काहीतरी, झारा नाहीतर फडकं, आणि मामाचं तोंड मिटेपर्यंत ती हलायची नाही. बाबांना एकदाही वास आला नव्हता. एकदाही. आणि तरी रोज आ कर. मग कधीतरी खुर्ची रिकामी झाली. मामाला दुसऱ्या गावी खोली करून दिलीय म्हणून सांगितलं. आणि त्याहीनंतर कधीतरी एका दुपारी आई आंघोळ न करता खिडकीत बसून होती आणि कुणी काही सांगितलं नाही, पण मामा गेल्याचं घरभर झालं.

आई आता बहिणीकडे राहत होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बहिणीला दिवस गेले होते. उशिरा, लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. म्हणून आईनं तिथे मुक्काम हलवला होता. तो मुद्दाम बहीण कामावर असताना गेला. आईनं दार उघडलं. “अचानक रे? जेवलास का?” ती म्हणाली आणि तो म्हणाला, “जेवलो,” आणि चप्पल काढून आत येऊन तिच्यासमोर बसला. काय बोलायचं ते त्यानं बसमध्ये ठरवलं होतं. आधी कामाचं, मग बाईंच्या प्रदर्शनाचं, मग हळूच. तो बोलायला लागला. बाई, नर्स, शाई. आई ऐकत होती. मग ऐकता ऐकता तिनं मान किंचित डावीकडे नेली. त्याची नजरही गेली. तिनं मान उजवीकडे नेली.

“माझ्याकडे बघ,” आई म्हणाली.

“बघतोच आहे.”

“नाही.” तिचा हात कानाकडे गेला, कुडी चाचपल्यासारखा. “तू कानाकडे बघतोयस.”

मग तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. हात ओले होते, भांडी घासता घासता उठली असावी. रडली नाही. तिला काही सांगावं लागलं नाही, काही विचारावंही लागलं नाही. ती आपल्याआप बोलत सुटली, खालच्या आवाजात, जणू बाबा अजून हयात आहेत, शेजारच्या खोलीत आहेत. “माझ्या आईच्या भावालाही होतं. तोही असाच. मग दादाला झालं, माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा. घरात सगळ्यांना कळलं होतं की हे रक्तातलं आहे. कुणी केली असती मला? दादाच म्हणाला, दारू म्हणा. बेवड्याचे डोळे गेले तर ते बेवड्यापुरतं राहतं, म्हणाला. थेंब घेतला नव्हता रे त्यानं जन्मात. तुझ्या बाबांना मी सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग तू झालास. मग कसं सांगू?”

“ते रोज त्याचा वास घ्यायचे, आई.”

“माहितीय मला.”

“रोज.”

“माहितीय म्हणते ना!” ती एकदम ओरडली आणि लगेच दाराकडे बघून तिनं आवाज खाली घेतला. त्याचे हात हातात घेऊन उलटसुलट केले, बोटावरचा शाईचा डाग अंगठ्यानं चोळला. “हे काय आहे? शाई ना? उग्र असते ना ती? वास येतो ना तुझ्या खोलीत?” तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ते त्याला दिसलं नाही, आवाजात ऐकू आलं. “मग शाईनं झालं म्हण. कोण विचारणार आहे? इतकी वर्षं त्या शायांमध्ये काम करून डोळे गेले. तिला आता काही कळता कामा नये. आता तर नाहीच नाही. तिला काय करता येणार आहे आता सांग मला? नुसती जळेल बाळ येईपर्यंत. शाईनं झालं म्हण. माझी शपथ आहे तुला.”

त्यानं शपथ घेतली नाही, मोडलीही नाही. तो उठला, पाणी प्यायला, निघून आला.

पुढचे दिवस कामाचे होते. बाईंना त्यानं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग घाई करू या.” इतकंच. दुसऱ्या कुणाकडे जाईन, असं त्या म्हणाल्या नाहीत आणि त्यानंही सुचवलं नाही. शाळा सुटली की बायको यायची आणि त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची. तो आकडे सांगायचा, ती ड्रायव्हरमध्ये भरायची. कुठली शाई कुठे सुरू, कुठे बंद. प्रिंट बाहेर आला की ती त्याला वाचून दाखवल्यासारखा सांगायची: “कपाळ उजळ आहे. डोळ्यांखाली अंधार जास्त वाटतो. भिंत आणि टोपी एकमेकांत मिसळताहेत.” तो म्हणायचा, “फिकट राखाडी थोडी आधी सुरू कर.” निळ्याचा अंश घालायचा की नाही हा निर्णय बाईंवर सोडला होता. त्यांनी दोन्ही तऱ्हांचे प्रिंट भिंतीला लावून दिवसभर त्यांच्यासमोर बसून काढला आणि शेवटी नुसता कार्बन घेतला. “उडणारं काही नको मला,” त्या म्हणाल्या. नर्स छापली गेली. न्हावी छापला गेला, वेल्डर छापला गेला, पुलाखाली केस वाळवणारी बाई छापली गेली. सगळे चांगले आले असं सगळे म्हणत होते. त्याला प्रत्येक प्रिंटच्या चारी कडा स्वच्छ दिसत. मधे काय आहे ते तो लोकांच्या आवाजावरून ताडून बघे. आणि मधूनच, शाई भरताना, त्याच्या मनात येई: त्या एका खोट्यावर आपण दोघं भावंडं उभे आहोत. मामा खरं बोलला असता तर आईचं लग्न झालं नसतं, आपण नसतो, बहीण नसती, बहिणीच्या पोटातलं ते नसतं. मामानं आ केला म्हणून हे सगळे आहेत. असल्या माणसाचं खोटं उघडं करायचा आपल्याला काय अधिकार. आणि लगेच दुसरं मन म्हणे, तो आपल्या बहिणीसाठी खोटं बोलला, ते त्याला शोभलं. तू तुझ्या बहिणीसाठी बोलशील ते तिच्यासाठी असेल का? की खरं ऐकतानाचा तिचा चेहरा तुला बघायचा नाही म्हणून? पण चेहरा तर आता तसाही दिसणार नव्हता. तो स्वतःशीच हसला आणि सुईतली शाई टेबलावर सांडली.

बहीण आली ती भर दुपारी, दमत, जिन्यावरून त्याला हाक मारत. बायको शाळेत होती. त्याला तिचा निळा असावा असा पदर दिसला, पोटाचा घेर दिसला. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, जणू आजारी तोच होता, आणि पर्समधून एक गुंडाळलेला चकचकीत कागद काढला. “सोनोग्राफी,” ती म्हणाली. “हा कागद पुसट होत जातो म्हणे. वर्षा-दोन वर्षांत कोराच. म्हटलं, माझा भाऊ काय कामाचा? टिकणारा करून दे.” त्यानं कागद घेतला. काळ्यात करडं काहीतरी वळून बसलेलं. त्याला वरची अक्षरांची ओळ दिसली, खालची कड दिसली. त्यानं तो स्कॅन केला, जाड सुती कागद लावला, नुसता कार्बन निवडला. त्याची बोटं हे न बघता करू शकत होती. प्रिंटरचं डोकं सावकाश येरझारा घालू लागलं.

“आई म्हणाली मला,” बहीण म्हणाली, “तुझ्या डोळ्यांचं. शाईनं झालं म्हणे. दादा, किती वेळा सांगितलं होतं मी, खिडकी उघडी ठेवत जा! आता तरी सोड हे. हे एवढं एक छापून दे आणि सोड.” तिच्या आवाजात राग होता, त्याच्यावरचा, शाईवरचा, साधा सरळ राग, ज्याला कुठे जाऊन बसायचं ते ठाऊक आहे. त्यानं नुसतं ‘हं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आईनं सगळं तयार करून ठेवलं होतं, ताट वाढून ठेवावं तसं. त्याला जाणवलं की तो तिच्या कानाकडे बघतोय. केस मागे घेतलेले, कानामागे घामाची एक ओळ. बाळाच्या वेळचं हे अवघडलेपण, ही धाप. यानंतर आपण जे बोलू ते या शरीरात जाऊन बसेल आणि बाहेर येणार नाही. प्रिंटर थांबला. कागद ट्रेमध्ये सरकला.

“शाईनं नाही झालं,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. सगळं. डॉक्टरचं, आईचं, आईच्या मामाचं, मामाचं. काय खात्रीचं आहे आणि काय नाही तेही. मुलगा असला तरी होईलच असं नाही, मुलगी असली तरी तिच्या मुलांना असू शकतं, तुझे डोळे ठीक राहण्याचा संभव जास्त. तो छापील माहितीपत्रासारखा बोलत गेला, कारण थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. खुर्ची करकरली नाही. ती आहे की उठून गेली हे बघायला त्यानं नजर बाजूला नेली, तेव्हा ती तिथेच होती, दोन्ही हात पोटावर, आडोसा केल्यासारखे.

“आईला माहीत होतं,” ती म्हणाली. “माझ्या लग्नाच्या वेळी. माझ्या गोळ्या, सुया, इतकी वर्षं नवससायास चालले होते तेव्हा.”

“हो.”

“मला विचारलं असतं तर मी…” ती थांबली. तिनं ट्रेमधला कागद उचलला असावा, तो सळसळला. ती त्याच्याकडे बघत राहिली की त्या कागदाकडे, त्याला कळलं नाही. तेवढ्यात टेबलावर तिचा फोन थरथरू लागला, काडतुसांवर आपटत. “आई,” ती म्हणाली. दोघंही ऐकत राहिले. थांबला. पुन्हा सुरू झाला. आईला अंदाज आला असणार, बहीण कुठे गेलीय याचा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बहिणीनं तो उचलला.

“मी दादाकडे आहे,” ती म्हणाली. “त्यानं सांगितलं मला.”

खालचं चाक बंद होतं, दुकानदार जेवायला गेला असावा, आणि खोली इतकी शांत होती की फोनमधला आईचा श्वाससुद्धा त्याला ऐकू येत होता. आता बहीण ओरडेल, तुटून पडेल, असं वाटून त्यानं टेबलाची कड धरली. पण ती अगदी हळू बोलली, आजारी माणसाला विचारावं तशी.

“आई, मामा गेला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?”

श्वास थांबला. मग बऱ्याच वेळानं, लांबून, आई म्हणाली, “कुणी नाही.”

बहिणीनं फोन ठेवला नाही, कानाशीच धरून ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं आपली खुर्ची ओढली, फरशीवर घासत, त्याच्या अगदी शेजारी आणली आणि त्याच्याकडे तोंड न करता त्याच्या बाजूला बसली.